मूत्रपिंडातील व्रण आणि वाढघटक

मधुमेह आणि रक्तदाब आपल्या सभासद कुटुंबांना नवीन नाहीत. ‘किडनीवर परिणाम झाला आहे’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा आत काय घडलेले असते, याची थोडक्यात माहिती आम्ही येथे देत आहोत.

वाढघटक म्हणजे काय?
पेशींना ‘वाढा’, ‘जखम भरा’ असा निरोप देणारी प्रथिने म्हणजे वाढघटक, अर्थात ग्रोथ फॅक्टर. बोट कापले तर जखम भरून येते ती यांच्यामुळेच.

व्रण कसा तयार होतो?
एका मूत्रपिंडात साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळण्या असतात. साखर किंवा दाब वर्षानुवर्षे जास्त राहिला की त्यांना सतत इजा होते. दुरुस्तीसाठी टीजीएफ-बीटा हा वाढघटक कामाला लागतो. तो पेशींना कोलॅजनचे तंतू तयार करायला लावतो आणि जुने तंतू विरघळवणारी यंत्रणा मंद करतो. पीडीजीएफ तंतू बनवणाऱ्या पेशींची संख्या वाढवतो, तर सीटीजीएफ टीजीएफ-बीटाला साथ देतो.

इजा थांबत नाही, म्हणून निरोपही थांबत नाही. बँकेला दिलेली स्थायी सूचना रद्द केली नाही, तर गरज संपली तरी खात्यातून रक्कम जातच राहते, तसेच हे आहे. हळूहळू गाळण्यांच्या जागी घट्ट तंतू भरतात. यालाच फायब्रोसिस म्हणतात. उरलेल्या गाळण्यांवर जादा भार पडून त्याही खराब होऊ लागतात.

औषधे काय करतात?
अमेरिकेत वेन बॉर्डर व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये उंदरांत टीजीएफ-बीटा रोखून व्रण कमी होतात हे दाखवले. माणसांत मात्र त्याला थेट रोखणे अजून साधलेले नाही. हाच घटक शरीरातील दाह आवरण्याचेही काम करतो.

आडवाट मात्र सापडली आहे. अँजिओटेन्सिन-२ या संप्रेरकामुळे टीजीएफ-बीटा वाढतो. रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या त्या संप्रेरकालाच लगाम घालतात. लोसार्टनमुळे मधुमेहींच्या मूत्रपिंडाची घसरण मंदावते, हे २००१ च्या चाचणीत दिसले. म्हणून ‘दाब नॉर्मल आला’ या कारणाने अशी गोळी परस्पर बंद करू नये.

आपण काय करावे?
जुना व्रण सहसा भरून निघत नाही. पुढचा टाळता येतो. रक्तातील क्रिएटिनिन बरेच नुकसान झाल्यावरच वाढते. त्याआधी लघवीत अल्ब्युमिन दिसू लागते. लघवीच्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन चाचणीत ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी आकडा ठीक समजतात. मधुमेही आणि रक्तदाब असलेल्या सभासदांनी ही साधी तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्षातून एकदा करून घ्यावी आणि जुने रिपोर्ट जपून ठेवावेत. एका आकड्यापेक्षा तो कोणत्या दिशेने चालला आहे, हे अधिक महत्त्वाचे असते.