ओझे उतरलेले यंत्र

यंत्र बिघडते ते जड कामामुळे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु यंत्रविद्येच्या इतिहासात याच्या उलट अनुभवही वारंवार आलेला दिसतो. इंदूरसारख्या गिरण्यांच्या शहराला तो समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकीर्दीत येथे वाफेवर चालणारी कापडगिरणी निघाली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मालवा मिल, हुकुमचंद मिल यांसारख्या गिरण्यांची धुराडी शहरावर उभी राहिली. वाफेच्या गिरणीत एकच इंजिन पट्ट्यांच्या साहाय्याने शेकडो माग फिरवीत असे. पट्टा तुटला किंवा पुष्कळ माग एकदम थांबले, की इंजिनावरील ओझे उतरे. वाफ मात्र पूर्वीइतकीच येत राही. अशा वेळी आवर घालणारे काही नसेल, तर इंजिन उधळे आणि प्रसंगी त्याचे जड चाक फुटून जाई.

या संकटावरचा उपाय जेम्स वॅट याने १७८८ साली आपल्या इंजिनाला जोडला होता. फिरत्या दांड्याला टांगलेले दोन लोखंडी गोळे वेग वाढला की बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आपोआप मिटू लागे. वेग उतरला की गोळे खाली येत आणि झडप पुन्हा उघडे. या साधनाला वेगनियंता म्हणतात.

गिरण्यांचे ते युग संपले. हुकुमचंद मिलचे दरवाजे १९९१ साली बंद झाले. आज इंदूरच्या तरुणांना यंत्र म्हणून परिचित आहे तो संगणक, आणि संगणकावर खेळ खेळणाऱ्यांच्या दृष्टीने त्यातील इंजिन म्हणजे ग्राफिक्स कार्ड होय. आर. एन. टी. मार्गावरील सिल्व्हर मॉलमधून हौसेने आणलेल्या उत्तम कार्डाची किंमत लाखाच्या घरात जाऊ शकते. खेळ चालू असता पडदा एकाएकी काळा झाला, तर मध्यमवर्गीय घरात तो लहानसा आघात ठरत नाही. म्हणूनच या यंत्राच्या वेगाची आणि बिघाडाची हकिगत जाणून घेणे उपयोगाचे आहे.

पडद्यावरील हालचाल हा वस्तुतः स्थिर चित्रांच्या मालिकेने घडविलेला दृष्टिभ्रम असतो. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, त्या मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. सेकंदाला साधारण सोळा फ्रेम हा वेग हाताच्या अंदाजाने राखला जाई. बोलपट आल्यावर आवाज बेसूर होऊ नये म्हणून वेग अचल ठेवणे भाग पडले आणि सेकंदाला चोवीस फ्रेम हे प्रमाण रूढ झाले. चित्रपटात वेग असा आधीच ठरलेला असतो. संगणकाच्या खेळात तसे नसते. तेथे प्रत्येक फ्रेम त्याच क्षणी नव्याने आखावयाची असते. ती किती वेळात तयार होईल, हे त्या दृश्यातील कामावर अवलंबून राहते.

ओझे उतरले की यंत्र धावू लागते, हा नियम या क्षेत्रात फार लवकर प्रत्ययास आला. जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तयार केला. शत्रूंची संख्या कमी होत जाई, तसतसे उरलेले शत्रू अधिक वेगाने सरकत. याचे मूळ कारण असे, की आखावयाच्या आकृती कमी झाल्यामुळे यंत्राला काम कमी उरे. निर्मात्याने हा दोष तसाच राहू दिला आणि तो खेळाची गोडी ठरला. परंतु प्रत्येक वेळी दोष असा गोड होत नाही. १९८१ साली आयबीएमचा पीसी ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाने आला. पुष्कळ खेळांची गती त्या वेगाशीच बांधलेली होती. पुढील जलद यंत्रांवर ते इतके भरधाव चालू लागले, की खेळणे अशक्य व्हावे. तेव्हा अनेक संगणकांवर ‘टर्बो’ नावाचे बटण आले. नाव वेगाचे असले, तरी त्याचा खरा उपयोग यंत्र मंद करण्यासाठी होई.

पुढे त्रिमितीय चित्रे आखण्यासाठी स्वतंत्र कार्डे निघाली. एनव्हिडिया कंपनीने १९९९ साली ‘जीफोर्स २५६’ बाजारात आणले. तेव्हापासून कार्डांची शक्ती आणि विजेची भूक दोन्ही वाढत गेल्या. २०२० सालचे ‘आरटीएक्स ३०९०’ हे कार्ड ३५० वॅटपर्यंत वीज घेई. २०२५ सालच्या ‘आरटीएक्स ५०९०’ ची मर्यादा ५७५ वॅट आहे. ही सारी वीज अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते.

अशा बलाढ्य यंत्राला वेगनियंता नसेल तर काय होते, हे २०१० साली दिसून आले. त्या वर्षीच्या जुलैत ‘स्टारक्राफ्ट २’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यात युद्धाच्या गर्दीत चालणारी काही कार्डे साध्या निवडसूचीच्या पडद्यावर तापू लागली. त्या पडद्यावर आखण्याजोगे थोडे होते आणि फ्रेमच्या संख्येला मर्यादा नव्हती. म्हणून कार्ड क्षणाचीही उसंत न घेता फ्रेममागून फ्रेम आखीत सुटे. साधा मॉनिटर सेकंदाला साठच फ्रेम दाखवू शकतो. उरलेल्या शेकडो फ्रेमचे श्रम वाया जात. उष्णता तेवढी शिल्लक राही. ब्लिझर्ड कंपनीने उपाय सुचविला तो सूचीत तीस आणि खेळात साठ फ्रेमची मर्यादा घालण्याचा. ज्या संगणकात हवा खेळती नाही त्यालाच हा त्रास होतो, हेही स्पष्ट करण्यात आले.

दुसरा प्रसंग २०२१ च्या जुलैतील. अमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या खेळाच्या चाचणीत काही खेळाडूंची महागडी ‘आरटीएक्स ३०९०’ कार्डे कायमची निकामी झाली. सूचीच्या पडद्यावरील अमर्याद फ्रेमकडे बोट दाखविले गेले आणि कंपनीने तेथे मर्यादा घातली. तथापि ईव्हीजीए या कार्डनिर्मात्या कंपनीने परत आलेली आपली कार्डे तपासली, तेव्हा वीज नियंत्रित करणाऱ्या भागांच्या सांधणीत दोष असल्याचे तिने त्याच वर्षी सांगितले. अमर्याद वेग हे निमित्त होते. मूळ दोष कार्डाच्या घडणीत होता. सशक्त कार्डांनी तोच वेग निभावून नेला. निमित्त आणि कारण यांतील हा भेद बिघाड शोधणाऱ्याने कधीही विसरू नये.

वेग बांधण्याचे उपायही दोषमुक्त नव्हते. मॉनिटरच्या तालाशी फ्रेम जुळविण्याची व्ही-सिंक ही रीत जुनी आहे. परंतु एखादी फ्रेम किंचित उशिरा तयार झाली, तर तिला पुढील फेरीची वाट पाहावी लागते. चित्र अडखळते आणि हाताची हालचाल पडद्यावर उमटण्यास विलंब लागतो. वाफेच्या युगातही वेगनियंता कधी अतिरेक करी आणि इंजिन हेलकावे खाई. या अस्थैर्याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ साली मांडले होते. संगणकाच्या बाबतीत २०१३ साली जी-सिंक आणि पुढे फ्रीसिंक यांनी उलट मार्ग धरला: मॉनिटरनेच कार्डाचा ताल सांभाळावा. अशा मॉनिटरवरही त्याच्या कमाल तालापेक्षा थोडी कमी मर्यादा घालणे हितावह असते. आज ही मर्यादा खेळाच्या किंवा कार्डाच्या ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये घालता येते.

बिघाड शोधताना ही मर्यादा कसोटीसारखी वापरता येते. विंडोज व्हिस्टापासून अशी व्यवस्था आहे, की कार्डाने सुमारे दोन सेकंद प्रतिसाद दिला नाही तर ड्रायव्हर पुन्हा सुरू केला जातो आणि त्याची नोंद ४१०१ या क्रमांकाने इव्हेंट व्ह्यूअरमध्ये राहते. ती नोंद सापडली, तर कार्डाचे काम खंडित झाले एवढे कळते. का झाले ते कळत नाही. मग साठ फ्रेमची मर्यादा घालून पाहावे. खेळ सुरळीत चालला, तर संशय उष्णतेवर किंवा वीजपुरवठ्यावर घ्यावा: पंख्यावरील धूळ, पॉवर सप्लायची क्षमता, सैल जोड. मर्यादा घालूनही खेळ बंद पडत असेल, तर ड्रायव्हर काढून नव्याने बसवावा, वाढविलेला वेग मूळ प्रमाणावर आणावा आणि स्मृतीची तपासणी करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्याला गुण कशाने आला हे कधीच समजत नाही.

इंदूरचे हवामानही येथे साक्षीला येते. पंख्याने कार्डावर फिरणारी हवा खोलीतलीच असते. खोलीचे तापमान पंचवीसऐवजी चाळीस अंश असेल, तर तेवढ्याच कामात कार्डही साधारण पंधरा अंशांनी अधिक तापते. मे महिन्यातील दुपारी बंद पडणारा खेळ मालव्याच्या प्रसिद्ध थंड रात्री निर्वेध चालत असेल, तर उष्णतेचा संशय बळावतो. मात्र दुपारी विजेचा दाबही उतरत असेल, तर केवळ एवढ्यावरून निर्णय करू नये.

फ्रेमची मर्यादा घालणे म्हणजे विकत घेतलेली शक्ती वाया दवडणे, असे अनेक तरुणांना वाटते. गिरणीमालकांना वेगनियंत्याविषयी तसे वाटले नाही. इंजिनाची किंमत त्याने ओढलेल्या मागांवरून ठरे. माग थांबले असता ते किती वेगाने गरगरते, हे कोणी मोजीत नसे. पडद्यावर न उमटणाऱ्या फ्रेमचीही गणती तीच. आणि मर्यादा घालूनही कार्ड कोलमडत असेल, तर मर्यादेने आपले काम केले असेच म्हणावे लागेल. कारण दोष अन्यत्र आहे, हे तिने दाखवून दिलेले असते.