चाक, वारा आणि विक्रम : सायकलच्या तासाच्या विक्रमाच्या इतिहासात वायुगतिकीय चाकांचे स्थान

प्रस्तावना :

सायकल शर्यतीच्या क्षेत्रात १९८० नंतर चाकाचे स्वरूप झपाट्याने पालटले. तारेच्या आऱ्यांच्या पारंपरिक चाकाशेजारी तबकडीसारखे भरीव चाक आले आणि त्यापाठोपाठ खोल रिमचे चाकही आले. अशा चाकांमुळे वारा कमी अडतो व सायकल अधिक वेगाने धावते, असा दावा उत्पादक करीत आले आहेत. ही चाके साध्या चाकांच्या कितीतरी पट महाग असतात. त्यामुळे त्यांच्यामुळे स्वाराचा वेग जाणवण्याइतका वाढतो काय, हा प्रश्न वारंवार विचारला जातो.

हा प्रश्न वरकरणी अभियांत्रिकीचा असला, तरी त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग इतिहासात आहे. एका तासात एकट्या स्वाराने कापलेले अंतर म्हणजे 'तासाचा विक्रम'. ११ मे १८९३ रोजी पॅरिस येथे आंरी देग्राँज यांनी ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले, तेव्हापासून या विक्रमाची नोंद ठेवली जात आहे. येथे प्रतिस्पर्धी नसतो, घाट नसतो, डावपेच नसतात. माणूस, यंत्र आणि हवा एवढेच घटक उरतात. म्हणूनच साधनाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे तपासण्यासाठी या विक्रमाइतकी चांगली साधनसामग्री क्वचितच मिळते. विक्रमांच्या इतिहासात वायुगतिकीय चाकाला मिळालेले श्रेय कितपत रास्त आहे, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

वायुरोधाचे स्वरूप :

सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतांश शक्ती हवा कापण्यात खर्ची पडते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, तर तो भेदण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. परिणामी रोध तीन टक्क्यांनी घटला, तर त्याच शक्तीत वेग सुमारे एकच टक्का वाढतो. या एकूण रोधापैकी सुमारे तीन चतुर्थांश वाटा स्वाराच्या देहाचा असतो. दोन्ही चाकांच्या वाट्याला ढोबळमानाने दहा ते पंधरा टक्के येतात.

तरीही चाकाकडे अभियंत्यांचे लक्ष जाण्यास सबळ कारण होते. धावत्या चाकाचा माथा सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. सायकल ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली, तर माथ्याजवळचा आरा ताशी जवळपास ८० किलोमीटर वेगाने हवा कापतो. आऱ्यांनी घुसळली जाणारी ही हवा भरीव चाकामुळे शांत होते. मात्र अशा चाकावर आडवा वारा आदळला की हँडल सांभाळणे कठीण होते. म्हणून उघड्या रस्त्यावर भरीव चाक प्रायः मागच्या बाजूसच वापरले जाते.

वजनाकडून हवेकडे : १९७२ ते १९८४

२५ ऑक्टोबर १९७२ रोजी बेल्जियमच्या एडी मर्क्स यांनी मेक्सिको सिटी येथे ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवा सुमारे एक पंचमांशाने विरळ असते. हवेचे महत्त्व त्या वेळी ठाऊक होते, पण ते ठिकाणाच्या निवडीपुरते. सायकलीच्या रचनेत सारा भर वजन घटविण्यावर होता. मर्क्स यांची सायकल जेमतेम पावणेसहा किलोची होती आणि तिची चाके आऱ्यांचीच होती.

बारा वर्षांनी इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेर यांनी त्याच शहरात हा विक्रम मोडला. १९ जानेवारी १९८४ रोजी त्यांनी ५०.८०८ किलोमीटर आणि चारच दिवसांनी ५१.१५१ किलोमीटर अंतर कापले. त्यांची सायकल मर्क्स यांच्या सायकलीपेक्षा जड होती, परंतु तिला दोन्ही बाजूंस भरीव चाके होती. जड सायकलीने हलक्या सायकलीवर मात केली, ही घटना सायकलनिर्मितीच्या इतिहासातील एक वळण ठरली. लोकांच्या स्मरणात राहिले ते तबकडीचे चाक, आणि १,७२० मीटरच्या वाढीचे श्रेयही मुख्यतः त्याच्याच पदरी पडले.

हे श्रेय तपासून घेणे आवश्यक आहे. मोझेर यांच्या अंगात घट्ट बसणारा एकसंध पोशाख होता आणि त्यांच्या पाठीशी हृदयाच्या ठोक्यांच्या मोजमापावर आधारलेला शास्त्रीय सराव होता. त्यांच्या तयारीत रक्त संक्रमणाचाही उपयोग करण्यात आला होता. त्यावर त्या वेळी बंदी नव्हती आणि पुढे त्यांनी ही गोष्ट मान्य केली. दहा वर्षांनंतरचा पुरावा त्याहून बोलका आहे. १५ जानेवारी १९९४ रोजी मोझेर पुन्हा मेक्सिको सिटीत उतरले, तेव्हा त्यांचे वय ४२ होते. भरीव चाकांचा लाभ त्यांना १९८४ सालीही मिळालेला होता. या वेळी ठळकपणे बदलली ती बैठक. स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्री यांनी १९९३ साली रूढ केलेल्या, हात छातीखाली दुमडून घेण्याच्या बैठकीचा आधार घेऊन त्यांनी ५१.८४० किलोमीटर अंतर कापले. विक्रम त्यांना परत मिळाला नाही, परंतु ऐन उमेदीतील स्वतःच्या कामगिरीला त्यांनी उतारवयात जवळजवळ ७०० मीटरनी मागे टाकले.

आठ सेकंदांचा धडा :

२३ जुलै १९८९ रोजी तूर द फ्रान्स शर्यतीचा शेवटचा टप्पा वर्साय ते पॅरिस असा २४.५ किलोमीटरचा होता आणि त्यात प्रत्येक स्वार एकेकटा धावणार होता. फ्रान्सचे लोराँ फिन्यों यांच्याकडे अमेरिकेच्या ग्रेग लेमाँड यांच्यावर ५० सेकंदांची आघाडी होती. लेमाँड यांनी हा टप्पा २६ मिनिटे ५७ सेकंदांत पूर्ण करून फिन्यों यांच्यापेक्षा ५८ सेकंद कमी घेतले आणि तीन आठवड्यांची शर्यत अवघ्या आठ सेकंदांनी जिंकली.

या प्रसंगात चाकांचा तपशील लक्षणीय आहे. फिन्यों यांच्या सायकलीला पुढे-मागे दोन्ही भरीव चाके होती. लेमाँड यांच्या सायकलीला ते मागे एकच होते. परंतु लेमाँड यांनी हँडलवर पुढे झुकण्यासाठी लांब दांडे बसवले होते आणि डोक्यावर निमुळते शिरस्त्राण घातले होते. फिन्यों यांचे डोके उघडे होते आणि केसांचा झुबका वाऱ्यावर उडत होता. फिन्यों त्या दिवशी सीटमुळे झालेल्या जखमेने त्रस्त होते, हेही विसरता येत नाही. तरीसुद्धा चाकांच्या बाबतीत सरस असलेला स्वार हरला आणि बैठकीच्या बाबतीत सरस असलेला जिंकला, एवढे निर्विवाद आहे.

याच प्रसंगाची दुसरी बाजूही आहे. आठ सेकंद म्हणजे लेमाँड यांच्या त्या टप्प्यातील वेळेच्या केवळ अर्धा टक्का. वरील गणितानुसार रोधात दीड टक्क्याचा फरक तेवढ्यास पुरेसा ठरतो आणि चांगले चाक इतका फरक सहज घडवू शकते. म्हणजे जो फरक स्वाराच्या पायांना कळणारही नाही, तो शर्यतीचा निकाल फिरवू शकतो.

एकच स्वार, एकच धावपट्टी, दोन विक्रम :

इंग्लंडचे ख्रिस बोर्डमन यांची कारकीर्द ही या प्रश्नासंबंधी इतिहासाने करून ठेवलेली जणू प्रयोगशाळाच होय. ६ सप्टेंबर १९९६ रोजी त्यांनी मँचेस्टर येथे हात थेट समोर ताणलेल्या बैठकीत आणि वायुगतिकीय चाकांच्या सायकलीवर ५६.३७५ किलोमीटर अंतर कापले. महिनाभरातच, ८ ऑक्टोबर १९९६ रोजी, आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने लुगानो येथील सनदेद्वारे यंत्रापेक्षा माणूस श्रेष्ठ असल्याचे तत्त्व मांडले. त्याचे पर्यवसान म्हणून २००० साली अधिकृत तासाचा विक्रम मर्क्स यांच्या काळातील सायकलीपुरता मर्यादित करण्यात आला आणि १९७२ नंतरचे सारे उच्चांक निराळ्या यादीत गेले. २७ ऑक्टोबर २००० रोजी बोर्डमन यांनी त्याच मँचेस्टरच्या धावपट्टीवर, आऱ्यांची चाके व साधे वाकडे हँडल घेऊन ४९.४४१ किलोमीटर अंतर कापले. ते मर्क्स यांच्यापेक्षा अवघ्या दहा मीटरनी पुढे होते.

दोन कामगिऱ्यांमधील अंतर ६.९३४ किलोमीटर आहे. दोन्ही वेळी शक्ती समान होती असे मानले, तर १९९६ सालचा वायुरोध २००० सालच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी असला पाहिजे. २००० साली बोर्डमन निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. म्हणून त्यांची शक्ती दहा टक्क्यांनी घटली होती असे धरले, तरी रोधातील फरक एक चतुर्थांश उरतो. ज्या चाकांचा एकूण वाटाच दहा ते पंधरा टक्के, ती एवढा फरक पाडू शकत नाहीत. चाके बदलल्याने एकूण रोध तीन ते पाच टक्क्यांनी घटतो असे गृहीत धरले, तर तासाभरात पाचशे ते आठशे मीटरचा लाभ होतो. साधारण सात किलोमीटरांपैकी चाकाच्या वाट्याला पुरता एक किलोमीटरही येत नाही. उरलेले बहुतेक अंतर बैठकीचे आहे.

२०१४ साली संघटनेने हे निर्बंध उठवून आधुनिक सायकलींना मुभा दिली, मात्र १९९६ सालच्या बैठकीला नव्हे. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी इटलीच्या फिलिप्पो गान्ना यांनी ग्रेन्शेन येथे ५६.७९२ किलोमीटर अंतर कापून बोर्डमन यांचा जुना उच्चांकही ओलांडला. त्याआधी दोनच महिने, १९ ऑगस्ट २०२२ रोजी, त्याच धावपट्टीवर ५५.५४८ किलोमीटरचा विक्रम करणारे डॅन बिगहॅम हे व्यवसायाने वायुगतिकीचे अभियंते होते. यंत्र आणि माणूस यांच्यात २००० साली आखलेली रेषा बावीस वर्षांत किती पुसट झाली, याचे हे द्योतक होय.

सामान्य स्वाराच्या दृष्टीने :

ताशी ४० किलोमीटर वेगाला सुमारे २५० वॅट शक्ती लागते असे मानू. त्या वेगाला चाकांमुळे १० वॅटची बचत झाली, तर वेग ताशी अर्ध्या किलोमीटरने वाढतो आणि ४० किलोमीटरांत पाऊण मिनिट वाचते. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्यासाठी हीच बचत सव्वा वॅटवर येते व वेगातील वाढ पाव किलोमीटरच्या घरात राहते. गंमत अशी की, तो रस्त्यावर अधिक काळ असल्याने तेवढ्याच अंतरात त्याची जवळजवळ दीड मिनिटाची बचत होते. परंतु दोन तासांच्या प्रवासातील हे दीड मिनिट वाऱ्याची एखादी झुळूक किंवा चौकातील एक सिग्नल गिळून टाकतो.

निष्कर्ष :

वायुगतिकीय चाकाचा लाभ खरा आहे आणि मोजता येण्याजोगा आहे, पण तो स्वाराला जाणवण्याइतका नाही. 'मोजता येणे' आणि 'जाणवणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत. घड्याळाच्या शर्यतीत पहिलीला महत्त्व असते, तर रोजच्या रस्त्यावर दुसरीला. विक्रमांच्या इतिहासात चाकाला त्याच्या वाट्याहून अधिक श्रेय मिळाले, कारण ते डोळ्यांना दिसते आणि बाजारात विकत मिळते. वाकलेली पाठ, आवळलेले कोपर आणि वर्षानुवर्षांचा सराव छायाचित्रात तितकेसे उठून दिसत नाहीत. तंत्रज्ञानाच्या इतिहासाची मांडणी करताना डोळ्यांत भरणाऱ्या साधनाला कारण समजण्याचा मोह सर्वत्रच असतो. सात किलोमीटरांतील तो न भरलेला एक किलोमीटर त्या मोहाची मर्यादा दाखवून देतो.