नऊवारीतले छत्तीस लंगोट

माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी खामगावला आमच्याकडे आली, तेव्हा तिला सातवा महिना होता. आल्या आल्या म्हणाली, "आई, बाळाला सुरुवातीचे काही महिने तरी कापडाचेच लंगोट घालायचं आम्ही ठरवलंय. तुझ्या जुन्या सुती साड्या काढून ठेव." मी मोठ्या ऐटीत ट्रंक उघडली. वर घडी करून ठेवलेल्या साड्या हातात घेऊन बघू लागले आणि ऐट उतरली. चौदा साड्यांपैकी सुती फक्त एक. बाकीच्या सगळ्या पॉलिएस्टर, नाहीतर मिश्र धाग्याच्या. तळाशी माझ्या आईचं एक नऊवारी लुगडं होतं. ते आठवण म्हणून ठेवलेलं. बाकीचं जुनं सुती कापड मी वर्षानुवर्षं बोहारणीला देत आले होते आणि त्याच्या बदल्यात स्टीलचे डबे घेत आले होते. डबे फडताळात चमकत होते.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. कापसासाठी साऱ्या देशाला माहीत असलेल्या गावात एका बाळापुरतं जुनं सुती कापड मिळू नये, हा प्रश्न काही मला स्वस्थ बसू देईना. त्याच्या मागे लागले तेव्हा लक्षात आलं, की लंगोटालाही इतिहास आहे. तो कुणी लिहून ठेवला नाही, इतकंच.

माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आजीनं केलेली तयारी मला आठवते. तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. तिनं एक विटलेलं लुगडं काढलं, सोड्याच्या पाण्यात उकळलं, वाळवलं आणि अंगणात अंथरलं. नऊ वार लांब, पन्हा वाराहून थोडा जास्त. अर्ध्या अर्ध्या वाराचे चौकोन फाडायचे. लांबीत अठरा, रुंदीत दोन. अठरा दुणे छत्तीस, म्हणजे बरोबर तीन डझन. चौकोनाची कर्णावर घडी घातली की त्रिकोण होतो. एक टोक पायांतून वर, दोन टोकं कमरेवर, आणि हलकीशी गाठ. पिन नाही, बटण नाही. काठ मात्र ती आधीच काढून टाकी, कारण तो मांडीला काचतो. त्या काठांच्या झबल्याच्या नाड्या होत. अगदीच विरलेला भाग गोधडीत जाई.

मी विचारलं होतं, "आजी, बाळासाठी नवीन कापड का नाही आणत?" ती म्हणाली, "नवं फडकं पानी पेत नाई, पोरी."

तेव्हा मला हे गरिबीचं समर्थन वाटलं. प्रत्यक्षात ते शास्त्र होतं. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. वर विणताना दिलेली खळ असते. त्यामुळे कोऱ्या कापडावरून पाणी ओघळून जातं. उकळून, धुऊन, वापरून हे मेण निघालं, की तंतू पाणी शोषू लागतो. बाळाचं पहिलं झबलं जुन्या कापडाचं असावं, हा संकेत म्हणूनच टिकला असावा. अनुभव आधी आला, कारण नंतर कळलं.

पण हे चित्र सगळ्या घरांतलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. जुनं कापड असायला आधी जादा कापड असावं लागतं. जिच्याकडे दोनच लुगडी, एक अंगावर आणि एक दांडीवर, ती छत्तीस लंगोट कुठून फाडणार? शेतमजूर बाईचं लेकरू धुऱ्यावरच्या निंबाला टांगलेल्या झोळीत, बहुधा उघडंच असे. झोळी ओली झाली की दुसरी चिंधी. आणि ज्या वाड्यांत लंगोटांची चळत असे, तिथं बाळंतिणीचं धुणं बहुधा परटीण नेई. लंगोट बाळाच्या अंगावर दिसतो. तो कुणाच्या हातांनी धुतला, हे कुठे दिसत नाही.

आता कापसाकडे वळते. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत गेली. मुख्य मार्ग जलंबवरून जात होता, पण बाजारपेठ होती खामगावला. म्हणून खास कापसासाठी सुमारे आठ मैलांचा जलंब-खामगाव फाटा टाकला गेला, आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला खामगावात आले. आज त्या रुळांवरून गाडी जाताना ऐकली, तरी हा तपशील कुणाला आठवत नाही.

त्या काळी इकडे कापसाचे कमिशनर होते हॅरी रिव्हेट-कारनॅक. त्यांचं गणित सरळ होतं. रेल्वेनं कापूस बाहेर न्यायचा आणि परतीच्या वाटेनं मँचेस्टरचं कापड आत आणायचं. ते स्वस्तात मिळू लागलं, की इथली विणकरी करणारी माणसं मोकळी होतील आणि कापूस पिकवायला लागतील. कापूस आमचा, कापड त्यांचं. नंतर देशी गिरण्या आल्या, खादी आली, पण एक गोष्ट मात्र या सगळ्या उलथापालथीत बदलली नाही. कापड विलायती असो की देशी, ते सुतीच होतं. म्हणून शेवटी ते बाळाच्या कामी येत होतं. दुसऱ्या महायुद्धात टंचाई झाली, १९४३ मध्ये कापडावर सरकारी नियंत्रण आलं, तेव्हाच्या गोष्टी आजी सांगे. विरलेल्या लुगड्यालाही तेव्हा किंमत होती.

कापडानंतर पाणी. आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन भागांत राहतो. घाटावर विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे, खारपाणपट्टा आहे. तिथं पाणी असतं, पण खारं. साबणाला फेस येत नाही, आणि त्या पाण्यात धुतलेलं कापड वाळल्यावर कडक होतं. बाळाच्या मांड्या लाल झाल्या, की दोष साबणाला किंवा दृष्टीला दिला जाई. खरा दोष पुष्कळदा कापडात राहिलेल्या क्षाराचा असावा. बाळाचे कपडे शेवटी गोड्या पाण्यातून काढायचे असतील, तर त्यासाठी एक हंडा डोक्यावरून आणावा लागे. नवजात बाळ दिवसातून पंधरा-वीस वेळा ओलं करतं. किती हंडे, ते तुम्हीच मोजा.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी, जी आमच्या पिढीनं कधी मोठ्यानं बोलली नाही. एकाच लुगड्याच्या दोन प्रकारच्या घड्या होत. एक बाळासाठी, एक घरातल्या बायकांच्या महिन्याच्या अडचणीसाठी. बाळाचे लंगोट अंगणात, दोरीवर, लख्ख उन्हात वाळत. घरात बाळ आहे, हे त्या दोरीवरून गावाला कळे. दुसऱ्या घड्या न्हाणीच्या मागे, पोत्याखाली, अंधारात वाळत. कापड तेच, साबण तोच. पण ऊन जंतू मारतं आणि दमट अंधार ते वाढवतो. बाळाला जे ऊन मिळालं, ते त्याच्या आईला आपण मिळू दिलं नाही. या जुन्या पद्धतीचं कौतुक करताना माझी जीभ इथं अडखळते.

मग हे कापड गेलं कुठे? सत्तरीच्या दशकापासून नायलॉन, टेरिलीन, टेरिकॉट घराघरांत शिरलं. १९८२ मध्ये रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. पॉलिएस्टरची साडी स्वस्त, इस्त्री नको, लवकर वाळते, दहा वर्षं टिकते. शाळेत धावपळ करत जाणाऱ्या माझ्यासारखीला ती वरदान वाटली, आणि होतीही. पण तो धागा जुना झाला तरी पाणी पीत नाही. लंगोट मागे पडला तो नव्या सुनांच्या आळसामुळे, असं आमच्या वयाच्या बायका म्हणतात. मला ते पटत नाही. लंगोट ज्यातून फाडायचा, ते लुगडंच आधी संपलं.

तोवर जगात दुसरी सोय तयार होत होती. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन या बाईनं पडद्याच्या प्लास्टिकपासून लंगोटावरचं न गळणारं आवरण शिवलं आणि १९५१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. १९६१ मध्ये 'पॅम्पर्स' बाजारात आलं. १९८० च्या दशकात त्यात पाणी धरून ठेवणारी रासायनिक भुकटी आली. आपल्याकडे आधी मोठ्या शहरांत, मग प्रवासापुरतं, आणि आता खेड्यातल्या किराणा दुकानात त्याच्या पुड्या दोरीला लटकलेल्या दिसतात. रात्री सलग झोप मिळते, हे सुख लहान नाही. पण वापरलेलं डायपर जातं कुठे? २०१६ च्या घनकचरा नियमांत ते नीट गुंडाळून वेगळं द्यावं, असं सांगितलं गेलं. ज्या गावात घंटागाडीच येत नाही, तिथं ते नाल्यात जातं, नाहीतर शेकोटीत.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मी म्हणणार नाही. अस्वच्छ पात्यानं कापलेल्या नाळेतून आणि तिच्यावर बांधलेल्या घाण चिंधीतून धनुर्वात होऊन कितीतरी बाळं गेली. भारतातून नवजात बाळांचा धनुर्वात आटोक्यात आल्याची खात्री जागतिक आरोग्य संघटनेनं दिली, ती २०१५ मध्ये. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या बायका तयार केल्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. त्या कामात जंतुसंसर्गावरच्या औषधांइतकंच बाळाला उबदार ठेवण्याला महत्त्व होतं. ओला लंगोट लगेच बदलायचा, तो यासाठी. नाहीतर बाळ गारठतं.

आमच्या घरी मग काय झालं? लेकीला मी चार गोष्टी सांगितल्या. किमान तीन डझन हवेत. लंगोट बेंबीच्या खाली बांधायचा, म्हणजे नाळ कोरडी राहते. गाठ इतकी सैल, की दोन बोटं जावीत. साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. पावसाळी दिवसांत आणि रात्री तयार डायपर वापरायला माझी हरकत नाही, हेही सांगितलं. पाचवी गोष्ट जावईबापूंना सांगायची होती, पण ते आधीच म्हणाले, "आई, धुणं माझ्याकडे."

राहता राहिलं कापड. मी आईचं लुगडं सोड्याच्या पाण्यात उकळलं आणि गच्चीवर अंथरलं. फाडताना हात थांबला, खोटं कशाला सांगू. पण आईनं ते ट्रंकेत ठेवण्यासाठी घेतलं नव्हतं. छत्तीसपैकी पाच चौकोन पार विरलेले निघाले. एकतीस लंगोट झाले. उरलेल्या पाचांसाठी जावईबापूंनी बाजारातून कोरं सुती कापड आणलं. ते सहाव्या धुण्यानंतर पाणी प्यायला लागलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)