छायारेषा (संगणकीय आरेखन)

तांत्रिक चित्रात वस्तूच्या पृष्ठभागाची गोलाई, उतार किंवा चकाकी कळावी म्हणून बाह्यरेषांच्या आत काढलेल्या बारीक, सुट्या रेषा. वस्तू कापून आतला भाग दाखवताना करतात ते छेदरेषांकन (हॅचिंग) वेगळे. नवशिक्यांकडून या दोहोंची गल्लत हमखास होते.

छायारेषांना सर्वाधिक महत्त्व आहे ते अमेरिकेतील डिझाइन पेटंटांत. तेथे संरक्षण मिळते वस्तूच्या रूपाला, आणि ते रूप चित्रांवरूनच ठरते. रेषा बारीक व शक्य तितक्या कमी असाव्यात, प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून 45° कोनात येतो असे धरावे, असा पेटंट कार्यालयाचा दंडक आहे. काच, आरसा यांसारख्या पारदर्शक किंवा चकचकीत पृष्ठभागांवर तिरप्या रेषा येतात, ॲपलच्या ज्या टॅब्लेट-पेटंटावरून (डी504,889, 2005) पुढे सॅमसंगशी वाद झाला, त्याच्या चित्रांत त्या पाहायला मिळतात. छायारेषांअभावी पृष्ठभाग सपाट की फुगीर हे उमगत नसेल, तर अर्ज अपुरा ठरू शकतो. मागाहून त्या घालू म्हटले तर ती मूळ अर्जात नसलेली भर ठरण्याचा धोका असतो. तेव्हा हे काम शेवटच्या दिवशी उरकण्यातले नव्हे.

खरी माहिती रेषांपेक्षा त्यांमधल्या अंतरात असते. 20 मिमी त्रिज्येचा दंडगोल बाजूने पाहिला आणि त्याच्या पृष्ठभागावर दर 15° ला एक रेषा आखली, तर अक्षापासून कडेकडे जाताना अंतरे 5.18, 4.82, 4.14, 3.18, 2.00 आणि 0.68 मिमी अशी घटत जातात. ही दाटी दिसली की डोळा गोलाई वाचतो. ऑटोकॅडमधील ‘हॅच’ आज्ञेने तोच भाग भरला तर रेषा समान अंतराने पडतात आणि दंडगोलाची सपाट पट्टी होते. त्यातून ‘एएनएसआय31’ हा 45° चा नमुना निवडला असेल, तर वस्तू कापलीच आहे असे वाटते. त्यापेक्षा शेजारी अर्धवर्तुळ काढून ‘डिव्हाइड’ने त्याचे 12 भाग करावेत आणि त्या बिंदूंवरून चित्रात समांतर रेषा ओढाव्यात. मग उजेडाकडच्या काही रेषा पुसाव्यात, सावलीकडच्या ठेवाव्यात. इलस्ट्रेटरमध्ये दोन रेषांचे ‘ब्लेंड’ केले तरी अंतर आधी समानच येते, दाटी हाताने एका कडेला सरकवावी लागते.

सॉलिडवर्क्ससारख्या त्रिमितीय प्रणालीतून बाह्यरेषा आयत्या मिळतात, पण सपाटी आणि गोलाई जिथे मिळतात तिथेही प्रणाली एक रेघ ओढून ठेवते. ती बंद केली नाही तर छायारेषाच भासते, किंवा तिथे नसलेली धार दिसते.

छायारेषांचा लेयर स्वतंत्र ठेवावा. बाह्यरेषा 0.35 मिमी असेल तर छायारेषेला 0.18 मिमी जाडी पुरते. चित्र लहान करून छापायचे असल्यास कडेच्या रेषा एकमेकींत मिसळून काळा पट्टा होतो. अशा वेळी सर्वांत कडेची रेषा सरळ गाळावी.

भारतात डिझाइन कायदा, 2000 खालील अर्जाला रेखाचित्रांऐवजी छायाचित्रेही चालतात, तेव्हा तेथे छायारेषांची गरज दरवेळी पडत नाही.