धनाग्र ऋण कसे?

शालेय पुस्तकांतल्या शास्त्रीय परिभाषेचा माग काढताना एका शब्दापाशी मी बरेच दिवस रेंगाळलो : धनाग्र. ‘ॲनोड’चा हा रूढ मराठी प्रतिशब्द. पाण्याच्या विद्युत अपघटनात तो चपखल बसतो. जस्त-तांब्याच्या घटात मात्र ॲनोड असते जस्त, आणि ते तर ऋण! मुले पाठ करून मोकळी होतात. दुसरे काय करणार?

हे दोन्ही घट पाठोपाठ जन्मले. व्होल्टाने २० मार्च १८०० रोजी कोमोहून रॉयल सोसायटीचा अध्यक्ष जोसेफ बँक्स याला पत्र लिहून आपला स्तंभ कळवला : चांदी, जस्त आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा यांची चळत. ते पत्र छापून येण्याआधीच लंडनमध्ये विल्यम निकोल्सन आणि शल्यवैद्य अँथनी कार्लाइल यांनी हाफ-क्राउनची चांदीची नाणी रचून तसा स्तंभ उभारला आणि मे महिन्यात त्याच्या तारा पाण्यात सोडल्या. प्लॅटिनमच्या तारा घेतल्यावर एकीपाशी हायड्रोजन निघाला, दुसरीपाशी ऑक्सिजन. स्तंभात जस्त आपणहून झिजते, इलेक्ट्रॉन सोडते, त्यातून वीज मिळते. नळीत तीच वीज खर्ची घालून पाणी फोडावे लागते. एकीकडे उताराचे पाणी, दुसरीकडे रहाटाने उपसलेले. (वीज धातूंच्या नुसत्या स्पर्शातून येते, हा हेका व्होल्टाने सोडला नाही.)

१८३४ मध्ये फॅरेडेला नावे हवी होती, तीही कोणत्याच सिद्धान्ताला न बांधलेली. कारण विजेत नेमके काय वाहते हे ठरलेलेच नव्हते. केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलने ग्रीकमधून ॲनोड आणि कॅथोड सुचवले. कल्पना अशी, की घटातला प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे, सूर्याच्या वाटेने जातो असे धरायचे. प्रवाह द्रवात शिरतो ती उगवतीची बाजू, ॲनोड. बाहेर पडतो ती मावळतीची, कॅथोड. धन-ऋणाचा संबंधच नाही. वीज देणाऱ्या घटातही द्रवात प्रवाह जस्ताकडून शिरतो, म्हणून जस्त ॲनोड. ऑक्सिडीकरणही दोन्ही घटांत ॲनोडवरच होते.

घरच्या इन्व्हर्टरची शिसे-आम्ल बॅटरी पाहा. तिच्यातली अधिक खुणेची प्लेट दिवे पेटवताना कॅथोड असते, आणि बॅटरी चार्ज होताना तीच ॲनोड होते. खूण तीच राहते. आपल्या परिभाषाकारांनी नाव ठेवले ते नेमके या खुणेवरून. संस्कृतातूनच शब्द घडवायचे होते, तर ‘उदय’ आणि ‘अस्त’ हाताशी होते.