नभोवाणीचा निर्माता

नभोवाणीवरील श्रुतिका संपली की निवेदक लेखकाचे व नटांचे नाव सांगतो. श्रोते ती नावे लक्षात ठेवतात. निर्मात्याचे नाव मात्र क्वचितच कोणाच्या स्मरणात राहते. वस्तुतः लेखन मिळविणे, ते कानाला रुचेल असे करून घेणे, आवाज पारखणे, संगीताच्या जागा ठरविणे आणि हे सारे ठरलेल्या मिनिटांत बसविणे, हे त्याचेच काम. एका विद्येवर ते निभत नाही. असा माणूस घडतो तरी कसा? पु. ल. देशपांडे यांच्या पूर्वायुष्यात याचे उत्तर सापडते.

देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. तरुणपणी त्यांनी कारकुनी केली, शाळेत शिकविले, पेटीवर हात बसविला. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात ते मराठीचे प्राध्यापक होते. चित्रपटांतही त्यांनी नाना कामे केली. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’मध्ये कथा, संगीत, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका ही सारी त्यांचीच. व्यवहारी माणसाने याला धरसोड म्हटले असते. एवढे उद्योग करून हा मनुष्य एकाही ठिकाणी स्थिर का होत नाही, असेही विचारले असते.

नभोवाणीला मात्र असाच मनुष्य हवा होता. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीखात्याचे मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत साहित्यिकांना व संगीतज्ञांना निर्माते म्हणून पाचारण करण्यात आले. देशपांडे १९५५ मध्ये पुणे केंद्रात दाखल झाले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालेले ते केंद्र तेव्हा बाल्यावस्थेतच होते. व्यंकटेश माडगूळकरही १९५५ मध्येच तेथे आले आणि ग्रामीण कार्यक्रम पाहू लागले. वर्गात मिळालेली भाषेची जाण, पेटीने दिलेली सुरांची ओळख आणि चित्रपटाने शिकविलेला प्रसंग बांधण्याचा हिशेब, हे सारे देशपांडे यांना ध्वनिक्षेपकासमोर उपयोगी पडले.

पुण्याहून ते मुंबई केंद्रावर गेले. पुढे लंडनला बीबीसीत प्रशिक्षण घेऊन आले. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली. तिच्या आरंभीच्या निर्मात्यांत त्यांची गणना होते.

यथाकाल त्यांनी ही नोकरीही सोडली. त्यानंतर ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगभूमीवर उभी करताना त्यांनी केवळ आवाजाच्या बळावर चाळभर माणसे प्रेक्षकांपुढे आणली. जेथे वेश नाही, देखावा नाही, तेथे आवाजानेच माणूस उभा करावयाचा, ही तर नभोवाणीचीच विद्या!

१२ जून २००० रोजी देशपांडे यांचे निधन झाले. संस्थेने माणूस निवडताना त्याची पायवाट सरळ आहे काय एवढेच पाहिले असते, तर हा निर्माता दारातूनच परतला असता. वाटेत त्याने काय वेचले, हे पाहिले गेले. त्यात लाभ संस्थेचा झाला आणि मराठी श्रोत्यांचाही.