शूर्पारकाचें बंदर : नदी, समुद्र आणि माणूस

आमच्याकडील इतिहासग्रंथांत एखाद्या बंदराच्या ऱ्हासाचें कारण द्यावयाचें झालें, म्हणजे लेखणी सहसा राजवाड्याकडे वळते. अमुक राजवंश बुडाला, तमुक परकीयांनीं किनारा घेतला, चांच्यांनीं व्यापार बसविला, म्हणून बंदर ओस पडलें, असें सांगून प्रकरण मिटविण्यांत येतें. ज्या पाण्यावर तें बंदर जगलें त्या पाण्याची जबानी मात्र कोणी घेत नाहीं. उत्तर कोंकणांतील शूर्पारक, म्हणजे आजचें सोपारें, यांचा वृत्तांत या दृष्टीनें विचार करण्याजोगा आहे.

या स्थळाच्या प्राचीनत्वाविषयीं वाद नाहीं. समुद्रानें परशुरामासाठीं ही भूमि मोकळी करून दिली, अशी कथा महाभारतांत आहे. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील स्तूप उकरला, आणि त्याच वर्षीं अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडाही येथें हातीं लागला. नाशिकच्या लेण्यांतील लेखांत नहपानाचा जांवई उषवदात याच्या धर्मकृत्यांची यादी आहे. तींत शूर्पारकाचें नांव येतें, आणि पारादा, दमण, तापी, दाहनुका इत्यादि नद्यांवर त्यानें फुकट नावा ठेविल्याचाही उल्लेख येतो. या किनाऱ्यावर प्रवास करणें म्हणजे पावलोपावलीं पाणी ओलांडणें होतें, हें यावरून उघड होतें.

या पाण्याचा स्वभाव कसा आहे तें आतां पाहूं. कोंकणच्या नद्या लांबीनें तोकड्या, पण उताराला तीव्र. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस चार महिन्यांत डोंगराची माती धुऊन खालीं आणतो. नदी खाडीस मिळते तेथें तिचा वेग मंदावतो, आणि गोड्या पाण्यांतील बारीक मातीचे कण खाऱ्या पाण्याचा स्पर्श होतांच एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशीं बसतात. त्या चिखलावर तिवरें रुजतात. तिवरांच्या मुळ्या आणखी चिखल अडवितात. बाहेरच्या बाजूस लाटा वाळू ढकलीत असतात, तिचा दांडा मुखाशीं पडतो. सोपाऱ्याची गोष्ट याहूनही विशेष. त्याच्या उत्तरेस वैतरणा व दक्षिणेस उल्हासची वसईची खाडी. या दोहोंना जोडणाऱ्या पाण्यानें वसईचा प्रदेश एके काळीं बेट झाला होता. अशा दुतोंडी खाडींत भरती दोन्ही बाजूंनीं शिरते, आणि जेथें दोन प्रवाह समोरासमोर येतात तेथें पाणी क्षणभर निश्चल होऊन आपला गाळ टाकून देतें. खाडी मध्येंच उथळ होत जाते ती यामुळें.

परंतु गाळ सांचला आणि बंदर मेलें, इतकें हें प्रकरण सोपें नाहीं. शिलाहार राजा अनंतदेव याच्या खारेपाटण येथें सांपडलेल्या ताम्रपटांत (इ. स. १०९४) ज्या बंदरांच्या जकातीची माफी आहे, त्यांत स्थानक व चेमुली यांच्याबरोबर शूर्पारकही आहे. पुढें ११५४ मध्यें पुऱ्या झालेल्या आपल्या भूगोलग्रंथांत इद्रिसी सोपारें समुद्रापासून सुमारें दीड मैल आंत असल्याचें सांगतो, आणि त्याच दमांत तें गजबजलेलें व्यापारी शहर असल्याचेंही सांगतो. म्हणजे समुद्र दूर असतांही पेठ चालू होती.

हें कसें घडतें याचा उलगडा पेरिप्लस या इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथावरून होतो. भडोचजवळ नर्मदेचें मुख उथळ, आणि तेथील भरतीचा लोंढा भयंकर. तरीही बंदर भरभराटींत होतें. कारण राजाच्या नोकरींतील स्थानिक कोळी लांब होड्या घेऊन पुढें जात, गलबतांस भेटत, आणि भरतीच्या वेळा साधून त्यांना ओढीत आंत आणीत. उलट, कल्याण हें एके काळीं मोकळें बंदर असून नंतर राजसत्तेच्या अडवणुकीनें तेथील ग्रीक व्यापार बंद पडला, असें तोच ग्रंथ सांगतो. एके ठिकाणीं पाणी कठीण, पण माणसें तत्पर; दुसऱ्या ठिकाणीं व्यापार तुटला तो पाण्याच्या दोषानें नव्हे. यावरून आमचें मत असें कीं, गाळ हा बंदराचा खर्च दरसाल थोडा वाढवितो. तो खर्च सोसणारी सत्ता व पेठ जोंवर टिकते तोंवर बंदर टिकतें. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं खाडीच्या मुखाशीं असलेली वसई हातीं घेतल्यावर आंतल्या सोपाऱ्यासाठीं तो खर्च कोणी करावा?

माणसाचा आणखी एक हात यांत आहे. खाडीकांठचीं खाजणें बांध घालून व उघाड्या बसवून शेताखालीं आणण्याची आमची चाल जुनी आहे, आणि तिनें पुष्कळांचें पोट भरलें आहे. पण जितकी जमीन बांधाआड जाते, तितकें भरतीचें पाणी आंत येण्याचें थांबतें. ओहोटीस तितकेंच कमी पाणी परततें, आणि तळ खरवडण्याचा त्याचा जोर घटतो. मग उरलेली खाडी आणखी लवकर भरते. निसर्ग जें शतकांत करतो तें बांध दशकांत करूं शकतो.

हा केवळ पुराणवस्तुसंशोधकांच्या कुतूहलाचा विषय आहे असें ज्यांस वाटेल, त्यांनीं आजच्या नालासोपाऱ्याकडे पाहावें. बुजलेल्या खाडीच्या भागांत दाट वस्ती उभी राहिली आहे. २०१८ च्या जुलैंत तेथील रुळांवर पाणी चढून पश्चिम रेल्वेची वाहतूक अडली, आणि दाट वस्तींत गुडघाभर पाण्यांतून माणसें वाट काढूं लागलीं. खाडी बुजली तरी सह्याद्रीवरील पाऊस थांबला नाहीं, व सखल भूमीकडे येण्याची पाण्याची संवयही सुटली नाहीं. जहाजांना जी वाट पुरेनाशी झाली, ती पुराला अद्याप पुरते.

तेव्हां आमची इतिहासकारांस विनंति एवढीच कीं, बंदरांचा इतिहास लिहितांना ताम्रपटांबरोबर खाडीचा तळही वाचावा. आणि नगररचना करणारांस सांगणें असें कीं, नवी वसाहत आंखण्यापूर्वीं तो इतिहास वाचावा. कारण त्याची किंमत तेथें घर घेणाऱ्या गरिबास दर पावसाळ्यांत मोजावी लागते.